लोह आहे, पण बसवता येत नाही

“मुलगा शिसपेन्सिल चावतो, रक्तात शिसं जाईल का?” शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. नाही जाणार. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. खरं शिसं असतं जुन्या ऑइलपेंटच्या पोपड्यांत, बॅटऱ्या फोडून वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या धुरात, लेड क्रोमेट मिसळून पिवळीधमक केलेल्या हळदीत, काही सुरम्यांत. काळजी करायची तर त्याची करा.

रक्तात आलेल्या शिशाचा बहुतेक सगळा साठा तांबड्या पेशींत असतो. पण मुख्य घोटाळा होतो त्याआधी, हाडांच्या मगजात, जिथे या पेशी घडतात.

हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू धरतो तो हीम. हीम म्हणजे एक चपटं कडं आणि मधोमध लोहाचा एक अणू. हे कडं ‘अ‍ॅला’ नावाच्या आठ चिमुकल्या रेणूंपासून बनतं. आधी दोन-दोन अ‍ॅला जुळून चार जोड्या होतात, मग चार जोड्यांचं कडं. जोड्या जुळवणारं विकर (एन्झाइम) म्हणजे ‘अ‍ॅलाड’. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो, गंधकाच्या तीन अणूंनी धरून ठेवलेला. आणि शिशाला गंधकाची विलक्षण ओढ! खाणीतसुद्धा ते बहुतेक गंधकाला बिलगूनच सापडतं. तेच खनिज गॅलिना. अ‍ॅलाडमध्येही शिसं जस्ताला हुसकावून त्या तीन गंधकांत जाऊन बसतं आणि विकराचं काम थांबतं. न जुळलेलं अ‍ॅला साचतं, लघवीत उतरतं.

जी कडी तरीही तयार होतात त्यांत लोह बसवायचं काम फेरोकिलेटेज या विकराचं. शिसं तिथेही आडवं येतं. लोह हाताशी असूनही कड्यात जस्त बसतं. असं कडं प्राणवायू धरत नाही, पण जांभळ्या प्रकाशात लाल चमकतं. या चमकेवरून त्याचं प्रमाण मोजता येतं.

तिसरा घाव पायरिमिडीन 5'-न्यूक्लिओटायडेज या विकरावर. पेशी पक्व होताना आतला आरएनए मोडून साफ व्हायला हवा, तो उरतो. रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की गुलाबी पेशीवर शाई शिंपडल्यासारखे निळे ठिपके दिसतात. शिवाय अशा पेशी नेहमीचे 120 दिवस टिकत नाहीत.

म्हणून शिशामुळे होणारा पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, निव्वळ लोहाच्या गोळ्यांनी हटत नाही. अर्थात लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, तेव्हा ती कमतरताही भरून काढायलाच हवी. आणि ‘शुद्ध केलेलं’ नागभस्म हे आयुर्वेदिक औषध बाधत नाही या प्रचारावर विश्वास ठेवू नका. नाग म्हणजे शिसंच. ते मूलद्रव्य आहे. शंभर पुटं दिली, म्हणजे शंभरदा भाजलं, तरी संयुग बदलेल, अणू शिशाचाच राहील.

उपचारात पहिलं काम शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करण्याचं. तरी कॅल्शियमच्या जागी हाडांत शिरलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं, आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघू लागलं की त्याच्याबरोबर पुन्हा रक्तात येतं.