विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि खुणांचे संशोधन (खानदेश)

खऱ्या विमानाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, न उडणारी प्लॅस्टिकची प्रतिकृती जोडणे, रंगवणे आणि तिच्यावर त्या विमानाच्या अस्सल खुणा उमटवणे, असा हा छंद आहे. १/७२ आणि १/४८ ही प्रमाणे सर्वाधिक चालतात. ७.१५ मीटर पंखविस्ताराचे मिग-२१ पहिल्या प्रमाणात ९.९ सेंटीमीटर भरते, दुसऱ्यात १४.९. खानदेशातून सुरुवात करणाऱ्याला हेच विमान सर्वांत जवळचे. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून नाशिककडे जाताना ओझर लागते आणि भारतात बनलेली मिग-२१ तिथल्याच हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जोडली गेली.

सुटे भाग आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुतात. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून निपरने (बारीक कापणीच्या पकडीने) तोडताना एक-दोन मिलिमीटर देठ राखतात आणि तो नंतर पात्याने छाटतात. अगदी कडेला तोडल्यास प्लॅस्टिक पांढरे पडते, खड्डाही पडतो. गोंदाशिवाय एकदा जोडून पाहणे कधीही टाळू नये. पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा द्रव गोंद) फटीत आपोआप ओढले जाते, त्यामुळे ब्रशचे टोक सांध्याला नुसते टेकवले की पुरे. उरलेल्या फटीत लांबी (पुटी) भरतात. ती सुकताना आकसते, म्हणून दोन पातळ हात देऊन, पूर्ण सुकल्यावर ४०० पासून १००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने घासतात.

मिगसारखे पुढे चाक असलेले विमान शेपटीवर बसते. ते टाळण्यासाठी नाकात वजन भरावे लागते. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या त्यासाठी उत्तम. धड चिकटपट्टीने तात्पुरते बांधून, मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलावे आणि नाक खाली झुकेपर्यंत गोळ्या वाढवाव्यात. गोळ्या लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने मात्र बसवू नयेत. शिशाची त्या गोंदाशी हळूहळू प्रक्रिया होते, शिसे फुगते आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा आतून उकलतो. इपॉक्सी किंवा सुपर ग्लू वापरावा.

रंगकामात खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा हवेत अॅक्रिलिक रंगाचा थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतो, एअरब्रशच्या (रंग फवारायच्या पेनच्या) टोकाशी गाठ धरते आणि विमानाला वाळूसारखा खरखरीतपणा येतो. रंग दुधाइतका पातळ करून त्यात रिटार्डरचे (रंग उशिरा सुकवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब घालावेत, ०.३ मिलिमीटरच्या टोकातून १५ ते २० पीएसआय दाबाने फवारावे आणि हे काम पहाटे उरकावे. कूलर त्या वेळी बंद हवा, त्याच्या झोतातली धूळ आणि ताटीचे तंतू ओल्या रंगात रुततात. पावसाळ्यात उलटी अडचण येते: दमट हवेत लॅकर वार्निशवर पांढुरका धुरकटपणा धरतो.

खरखरीत पृष्ठभागाचे नुकसान डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची छापील खूण, लावताना कळते. त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि डीकॅलभोवतीची पारदर्शक फिल्म चांदीसारखी चमकू लागते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात देतात. डीकॅल दहा-पंधरा सेकंद कोमट पाण्यात बुडवून बाहेर ठेवतात आणि कागदावर सहज सरकू लागले की जागेवर नेतात. बोअरचे पाणी इथे नको, ते जड असते आणि सुकल्यावर क्षारांचा डाग ठेवते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. जुने डीकॅल पिवळे पडले असेल तर पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला उन्हाकडे तोंड करून चिकटवतात, पिवळेपणा उतरतो. उन्हाचा एवढा उपयोग तरी करून घ्यावा.

खुणांचे संशोधन हा या छंदाचा गाभा. नियम एकच: खुणा विमानाच्या जातीच्या नसतात, त्या एका विशिष्ट विमानाच्या, एका विशिष्ट काळातल्या असतात. भारतीय वायुदलाचे वर्तुळचिन्हच पाहा. सुरुवातीला ते ब्रिटिश पद्धतीचे होते. जपानी लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून १९४२ पासून जपानविरुद्धच्या आघाडीवर मधला लाल काढला गेला. स्वातंत्र्यानंतर अशोकचक्र आले, आणि १९५० पासून मध्ये केशरी, मग पांढरे, बाहेर हिरवे अशी वर्तुळे आली. विमानाच्या क्रमांकाची अक्षरेही बोलतात: नॅट या लढाऊ विमानाच्या क्रमांकापुढे आयई, हंटरच्या पुढे बीए. १९७१ च्या युद्धात चंदेरी मिगना तळावरच घाईने छद्मरंग चढवले गेले, त्यामुळे दोन विमानांचे पट्टे जुळत नाहीत आणि छापील आराखड्यावर विसंबता येत नाही.

पुरावा म्हणजे तारीख ठाऊक असलेले छायाचित्र, शक्यतो दोन्ही बाजूंचे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाची, म्हणजे जुन्या ऐतिहासिक कागदपत्रांच्या अभ्यासाची परंपरा आहे, तिथल्या वाचकाला अस्सल कागद आणि नक्कल यांतला फरक सांगावा लागत नाही. संग्रहालयातले किंवा चौकातले विमान ही इथे नक्कलच समजावी, कारण ते पुन्हा रंगवलेले असते. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाल्यावर ही खबरदारी आणखी गरजेची झाली आहे. कृष्णधवल चित्रातून रंग ओळखताना फिल्मचा प्रकारही पाहावा. ऑर्थोक्रोमॅटिक (लाल प्रकाश न टिपणाऱ्या) फिल्मवर लाल काळपट दिसतो, निळा फिका.

अंकांची उंची चित्रातल्या ज्ञात मापाशी, उदाहरणार्थ चाकाच्या व्यासाशी, ताडून काढतात. मात्र दोन्ही गोष्टी कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. खरा अंक २० सेंटीमीटरचा निघाला तर १/७२ वर तो २.८ मिलिमीटर होतो. तेवढे डीकॅल तयार मिळाले नाही तर छापून घेतात. साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून पांढरे अंक पांढऱ्या डीकॅल कागदावर भोवतीची पार्श्वभूमी छापून काढतात आणि ती पार्श्वभूमी विमानाच्या रंगाशी जुळेपर्यंत चाचण्या घेतात.

शेवटी मॅट वार्निशचा पातळ हात. तयार विमान काचेच्या पेटीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर कधीच ठेवू नये, पातळ पंख तिथे खाली वाकतात.