गरोदरपणातील पित्ताची जळजळ आणि रक्तदाबाची कळ

आठव्या महिन्यातील बाई रात्री अकरा वाजता भिंतीशी उशा रचून बसलेली असते आणि घरातले कोणीतरी म्हणते, "पित्त झालं असेल, थोडं थंड दूध घे." बहुतेक वेळा हे निदान बरोबरच असते. मात्र पोटाच्या वरच्या भागातील प्रत्येक त्रासाला आपण पित्त म्हणतो, आणि वाढलेल्या रक्तदाबामुळे यकृताला आलेली सूज नेमकी त्याच जागी दुखते. या दोन दुखण्यांतला फरक गरोदर बाईच्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील स्नायूंची झडप सैलावते, शिवाय वाढते गर्भाशय जठराला खालून दाबते. त्यामुळे जठरातील आम्ल वर चढते. ही जळजळ छातीच्या मधल्या हाडामागे सुरू होऊन घशापर्यंत येते, सोबत आंबट ढेकर असतात आणि कधी तोंडात आंबट पाणी येते. डोहाळजेवणाला आग्रहाने वाढलेल्या जिलेब्या आणि मसालेभात खाऊन लगेच आडवे झाले, की ती हमखास उसळते, आणि उठून बसले की ओसरते. बाळाला जावळ दाट असले की आईला जळजळ होते, असे मोठ्या बायका सांगतात. कारण मात्र वर सांगितले तेच आहे. दोन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी थोडे थोडे पाचसहा वेळा खावे, रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, डोक्याकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपावे. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिणे टाळावे, कारण त्यातून बरेच सोडियम पोटात जाते. पित्तशामक औषध आणि लोहाची गोळी एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, म्हणून त्यांत किमान दोन तासांचे अंतर असावे.

दुसरे दुखणे साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे. यात रक्तदाब वाढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जातात, आणि आजार तीव्र झाला की यकृताला सूज येऊन त्याचे आवरण ताणले जाते. त्यातून उठणारी कळ पोटाच्या खड्ड्यात किंवा उजव्या बरगड्यांखाली असते. ती जळजळीपेक्षा दाबल्यासारखी आणि सतत असते, घशाकडे चढत नाही, उठून बसल्याने वा दूध प्यायल्याने थांबत नाही. सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, शेवटच्या महिन्यांत नव्याने सुरू झालेल्या उलट्या, अचानक सुजलेला चेहरा यांपैकी काहीही असू शकते. दिवसअखेर पावले सुजणे गरोदरपणात नेहमीचेच आहे. पण परवापर्यंत सैल असलेल्या हिरव्या बांगड्या आज मनगटात रुतू लागल्या, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

लक्षणे इतकी स्पष्ट नेहमीच नसतात, आणि एकाच बाईला दोन्ही त्रास असू शकतात. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा रक्तदाब मोजावा. 140/90 किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. 160/110 असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे. प्रीएक्लॅम्प्सियाच्या हेल्प सिंड्रोम या गंभीर प्रकारात तांबड्या रक्तपेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात, प्लेटलेट्स घटतात, आणि काही स्त्रियांचा रक्तदाब मात्र फारसा वाढलेला नसतो. त्यामुळे आकडा ठीक असूनही कळ थांबत नसेल, तर रक्ततपासणी करून घ्यावीच लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते, ती चुकवू नये. पण अशी कळ उठल्यावर 9 तारखेची वाट पाहण्यात अर्थ नाही, 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. माहेरी आलेल्या बाळंतिणीच्या बरगड्यांखाली दुखू लागले, की डिंकाच्या लाडवांतल्या तुपाला दोष दिला जातो. त्या वेळीही आधी तिचा रक्तदाब मोजून घ्यावा.