परदेशी क्लबला सुपर लीगचा दरवाजा: अर्ज कुठे अडतो आणि का

“पैसा आहे, स्टेडियम आहे, मोठा खेळाडू करारबद्ध करतोय. मग आम्हाला जागा का नाही?” इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये शिरू पाहणाऱ्या बाहेरच्या क्लबांचा हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कानावर येतो. नियम काय मागतात आणि अर्जदार काय घेऊन जातात, यात खूप अंतर असतं. ते अंतर आधी कळलं तर निदान काही वर्षं आणि बरेच पैसे वाचतील, म्हणून हे लिहितोय.

आधी एक खुलासा. भारतात ज्याला नुसतं ‘रग्बी’ म्हणतात, मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जो खेळ वर्षानुवर्षं चालतो, तो रग्बी युनियन. रग्बी लीग हा तेरा जणांचा वेगळा खेळ आहे. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी फारकत घेतली, तेव्हापासून संस्था वेगळी, आणि पुढे नियम, नोंदणी सगळंच वेगळं होत गेलं. इंग्लंडमध्ये लीगचा कारभार आरएफएल, म्हणजे रग्बी फुटबॉल लीग ही संस्था पाहते. युनियनच्या संघटनेचं पत्र जोडून इथे काहीच होत नाही.

पात्रता. सुपर लीग म्हणजे इंग्लंडच्या रग्बी लीगचा सगळ्यात वरचा स्तर. तिथली जागा आता नुसत्या विजयांवर मिळत नाही. प्रत्येक क्लबला 20 पैकी गुण दिले जातात. चाहतावर्ग 5, मैदानावरची कामगिरी 5, आर्थिक स्थिती 4.5, स्टेडियम 3 आणि समाज व परिसर 2.5. 15 किंवा जास्त गुण म्हणजे ‘अ’ श्रेणी, 7.5 ते 15 च्या आत ‘ब’, त्याखाली ‘क’. निकाल ऑक्टोबरमध्ये लागतो.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. अर्जदाराला वाटतं, यंदा चषक जिंकला की पुढच्या वर्षी वर. पण कामगिरीचे गुण मागच्या तीन हंगामांवरून ठरतात. नव्या क्लबकडे तीन हंगामच नसतात, मग गुण येणार कुठून? लंडन ब्रॉन्कोसचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 2023 मध्ये त्यांनी मैदानावर बढती जिंकली, पण प्राथमिक गुणांकनात ते 24 व्या क्रमांकावर होते. 2024 चा हंगाम सुरू होण्याआधीच जवळजवळ ठरलेलं होतं की वर्षअखेर ते खाली जाणार. ती पोरं प्रत्येक सामना जीव तोडून खेळली. मला ते बघवत नव्हतं, आणि अजूनही वाटतं की ही पद्धत खेळाडूंना समजावून सांगण्यात संस्था फार कमी पडली.

आर्थिक गुणांत आणखी एक खोच आहे. उलाढाल मोजताना स्पर्धेकडून क्लबांना वाटला जाणारा टीव्हीचा पैसा धरत नाहीत. तिकिटं, प्रायोजक, जर्सी, खाणंपिणं यांतून स्वतः कमावलेला पैसाच मोजतात. ताळेबंदही तपासला जातो. मालकाने खिशातून ओतलेल्या पैशाला थोडं वजन मिळतं, पण तेवढ्यावर भागत नाही.

आता टोरंटोकडे येऊ, कारण पुढचा प्रत्येक अर्जदार त्यांचंच नाव घेतो. टोरंटो वुल्फपॅकला 2016 मध्ये परवानगी मिळाली आणि 2017 मध्ये ते सगळ्यात खालच्या, लीग वन स्तरावर उतरले. अटलांटिकपलीकडचा हा पहिलाच क्लब. येणाऱ्या संघांच्या विमानाचा आणि राहण्याचा खर्च त्यांनीच उचलला. फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो तेव्हा टोरंटोत बर्फ असतो, म्हणून घरचा पहिला लीग सामना 6 मे उजाडल्यावर झाला. तोपर्यंत सगळे सामने बाहेर. खेळाडू वर्षाचा बराच काळ इंग्लंडमध्येच राहून सराव करत. 2019 मध्ये फेदरस्टोनला 24-6 हरवून ते सुपर लीगमध्ये पोहोचले. 2020 साठी न्यूझीलंडचा नामवंत खेळाडू सनी बिल विल्यम्स आला, पण संघ होता जेमतेम 23 जणांचा, आणि टीव्हीच्या पैशातला वाटा त्यांना मिळणार नव्हता. कोविड आला, 20 जुलैला क्लबने माघार घेतली, पगार थकले. नोव्हेंबरमध्ये नव्या मालकासह परत यायचा अर्ज केला, तो 8 विरुद्ध 4 मतांनी फेटाळला गेला.

फेटाळण्यामागचं मुख्य कारण व्यवसाय आराखडा होतं. कॅनडातून स्पर्धेला नेमका किती पैसा येणार, हे मतदान करणाऱ्यांना पटलं नाही. हाच तो कागद, जो कोणाकडेच नसतो. “आमच्या शहरात लाखो लोक राहतात” हा पुरावा होत नाही. टीव्ही कंपनीचा सही केलेला करार, प्रायोजकाचं बांधिलकीचं पत्र आणि मालक उद्या निघून गेला तर हंगाम पुरा करायला पैसा कुठून येईल याची लेखी सोय, असं काही हातात असेल तरच समोरचे वाचायला बसतात. कृपा करून हे आधी करा. लोगो आणि जर्सी नंतर.

टोरंटोची जागा रिकामी झाली तेव्हा सहा क्लबांनी अर्ज केले, त्यांत फ्रान्सचा टूलूझही होता. जागा इंग्लंडमधल्या ली (Leigh) या क्लबला मिळाली. टूलूझ हा माझ्या मते सगळ्यात चिवट अर्जदार. पहिल्या फ्रेंच परवान्यासाठी ते धडपडले, तो पर्पिन्याँच्या कॅटलन्स ड्रॅगन्सना मिळाला. 2009 मध्ये ते दुसऱ्या स्तरावर आले, 2011 नंतर परतले, 2016 मध्ये पुन्हा लीग वनपासून सुरुवात केली, 2021 मध्ये वर गेले, वर्षभरात खाली आले. 2026 साठी सुपर लीग 14 संघांची झाली तेव्हा समितीने त्यांना निवडलं. कॅटलन्सना मात्र 2006 मध्ये येताना तीन वर्षं पदावनतीपासून संरक्षण होतं. नव्या क्लबने असं संरक्षण मिळेल असं गृहीत धरू नये.

आणि लीग वनची ती खालची पायरीही आता उरली नाही. 2026 पासून तो स्तर चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरात, विलीन झाला आहे. टोरंटोच्या वाटेने जायचं ठरवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

कागदपत्रांपैकी कंपनी नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, संचालकांची माहिती ही नेहमीची. स्टेडियमच्या बाबतीत नुसता भाडेकरार पुरत नाही. मैदानावर पहिला हक्क तुमचा आहे का, हे बघितलं जातं. फुटबॉल क्लबच्या तारखा आधी आणि उरलेल्या तुम्हाला, असं असेल तर गुण जातात. ब्रिटनमध्ये परदेशी खेळाडू ठेवायचे असतील तर स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे त्यांना व्हिसावर आणायचा परवाना, लागतं, आणि ते ब्रिटनमध्ये कायदेशीर कामकाज असलेल्या संस्थेलाच मिळतं. म्हणजे तिथे कंपनी काढणं आलंच.

खेळाडूसाठी इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा. त्याला आधी आरएफएलची शिफारस, मग क्लबचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. हे सर्टिफिकेट तीन महिन्यांत वापरलं नाही तर बाद होतं. खात्यात 1,270 पौंड सलग 28 दिवस असावे लागतात, क्लबने हमी घेतली नसेल तर. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. भारतातून सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्याला मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो. जवळच्या दवाखान्यातला एक्स-रे चालत नाही, आणि दाखला सहा महिनेच टिकतो. म्हणून तो शिफारस हातात आल्यावरच काढा. व्हिसा क्लबला बांधलेला असतो. क्लब बुडाला तर साधारण 60 दिवसांत व्हिसासाठी दुसरा प्रायोजक क्लब शोधा नाही तर परत या. करारावर सही करण्याआधी क्लबला थेट विचारा, पगार किती महिन्यांचा बाजूला ठेवला आहे?

एनआरएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेचा, रस्ता अगदी निराळा. तिथे गुणपत्रिका नाही, थेट बोली आणि निमंत्रण. 2028 मध्ये पोर्ट मोर्सबीचा पापुआ न्यू गिनी संघ येतोय, तोही ऑस्ट्रेलिया सरकारने 10 वर्षांत 60 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केल्यावर.