उघड्या फळीवरचा खर्ज आणि चौकटीचा आकार

वूफरचा, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. बंद पेटी ही मागची लहर कोंडून ठेवते. वूफर पेटीऐवजी नुसत्या फळीवर बसवलेल्या उघड्या फळीच्या रचनेत मात्र ती कड ओलांडून पुढे येते आणि समोरच्या लहरीला छेद देते. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असल्यामुळे लहान फळीवर असा खर्ज बराचसा पुसला जातो. म्हणूनच येथे फळीचे किंवा तिच्या कडा दुमडून केलेल्या चौकटीचे मुख्य काम मागच्या लहरीची वाट लांबवण्याचे असते.

एक मीटर व्यासाच्या गोल फळीच्या मध्यभागी वूफर बसवला, तरी दूर समोर बसलेल्या श्रोत्यासाठी ही वाट जेमतेम अर्ध्या मीटरने लांबते, आणि साधारण ११५ हर्ट्झच्या खाली प्रत्येक सप्तकामागे, म्हणजे वारंवारता निम्मी होताना, पातळी ६ डेसिबलने घसरत जाते. गोल फळीची कड सगळीकडे सारख्याच अंतरावर असल्याने वरच्या स्वरांत ठळक चढउतारही उमटतात. आयताकृती फळीवर वूफर मध्यापासून थोडा बाजूला घेतला की ते सौम्य होतात.

गिरगाव किंवा दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत याहून मोठी फळी उभी करणे अवघडच, त्यामुळे कडा दुमडाव्या लागतात. ‘यू’ चौकटीत त्या फक्त मागे वळतात, तर ‘एच’ चौकटीत वूफर मधोमध राहून त्याच्या पुढे आणि मागे सारखे बोगदे तयार होतात. ४० सेंटिमीटर खोल ‘एच’ चौकट साधारण ८० सेंटिमीटर व्यासाच्या गोल फळीइतकी वाट देते. मात्र बोगद्याच्या लांबीच्या सुमारे चौपट तरंगलांबीचा स्वर त्यात घुमतो. ‘यू’चा बोगदा अधिक लांब असल्याने हा घुमारा खर्जाच्या अधिक जवळ येतो.

मुंबईच्या घरांसाठी मला ‘एच’ अधिक योग्य वाटते. तिच्या सममितीमुळे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आवाज जवळजवळ शून्यावर येतो, त्यामुळे तोंड खोलीच्या लांबीकडे ठेवल्यास दहा फुटांच्या रुंदीत ५७ हर्ट्झच्या आसपास घुमणारा अनुनाद फारसा चेतवला जात नाही. शिवाय मोकळ्या जागेत समोर तेवढाच आवाज देताना चहूकडे जाणारी एकूण ध्वनिशक्ती साध्या पेटीच्या एक तृतीयांश असते. या फायद्याची किंमत पडद्याला मोजावी लागते: तीच पातळी एक सप्तक खाली टिकवताना बंद पेटीत त्याची हालचाल चौपट होते, येथे आठपट. त्यामुळे मोठा किंवा जोडीचा वूफर घ्यावा आणि चौकट मागच्या भिंतीपासून शक्यतो मीटरभर दूर ठेवावी.