न्युए: सरकार स्वतःचं, पासपोर्ट न्यूझीलंडचा. हे कसं ठरलं त्याची पार्श्वभूमी

जून 2025 मध्ये एक बातमी आली होती, न्यूझीलंडने पॅसिफिकमधल्या कुक आयलंड्स या छोट्या बेटांच्या देशाला द्यायचे 1 कोटी 82 लाख डॉलर थांबवून ठेवले. कारण काय, तर फेब्रुवारीत तिथले पंतप्रधान मार्क ब्राउन चीनला जाऊन करार करून आले आणि वेलिंग्टनचं, म्हणजे न्यूझीलंड सरकारचं, म्हणणं की आमच्याशी नीट बोलणंच झालं नाही. त्याच्या थोडं आधी कुक आयलंड्सचा वेगळा पासपोर्ट काढायची कल्पना त्यांनी मांडली होती, त्यावरही न्यूझीलंडने नाही म्हटलं, वेगळा पासपोर्ट हवा तर आमचं नागरिकत्व सोडा. आता हे वाचणाऱ्याला साधा प्रश्न पडतो की हा देश स्वतंत्र आहे की नाही? असेल तर दुसऱ्याला विचारायचं कशाला, आणि नसेल तर चीनशी करार करतो कसा?

सरकार स्वतःचं, पण दुसऱ्या देशाशी स्वतःच्या इच्छेने जोडलेलं नातं, या व्यवस्थेला फ्री असोसिएशन म्हणतात. न्यूझीलंडशी असं नातं असलेले देश दोनच, कुक आयलंड्स आणि न्युए. मला वाटतं ही व्यवस्था समजून घ्यायची तर न्युएकडे बघावं, कारण तिथल्या लोकांनी घाई केली नाही, कुकपेक्षा नऊ वर्षं जास्त थांबले, आणि थांबून जे हवं होतं ते कायद्यात लिहून घेतलं.

न्युए म्हणजे टोंगा, सामोआ आणि कुक आयलंड्स यांच्या मधोमध समुद्रातून वर आलेला प्रवाळाचा एकच खडक, साधारण 260 चौरस किलोमीटरचा. ऑकलंडपासून जवळपास 2400 किलोमीटर. नदी नाही, मोठा किनारा नाही, सगळीकडे उभे कडे आणि वर पातळ माती. सध्या राहतात 1,700 च्या आसपास माणसं. म्हणजे आपल्याकडे एखाद्या मध्यम गावात यापेक्षा जास्त वस्ती असते, आणि तरी यांची स्वतःची संसद आहे, मंत्रिमंडळ आहे, परदेशांशी करार आहेत.

1774 मध्ये कॅप्टन कुकने इथे उतरायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा बेटावरच्यांनी त्याला हाकलून लावलं, म्हणून रागाने त्याने नकाशावर नाव टाकलं सॅव्हेज आयलंड, रानटी लोकांचं बेट. बाहेरून येणाऱ्या जहाजांबरोबर रोगराई येते ही भीती तिथे होती आणि ती खरीच होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, पुढची शंभरहून जास्त वर्षं कागदोपत्री तेच चाललं. ख्रिस्ती धर्म आला तोही गोऱ्या मिशनरीच्या हातून नाही तर पेनिआमिना नावाच्या न्युएच्याच माणसाकडून, तो सामोआत शिकून 1846 मध्ये परत आला होता. मग 1862-63 मध्ये पेरूची जहाजं आली, मजुरीला म्हणून शंभराहून जास्त माणसं पळवून नेली आणि त्यातली जवळपास कोणीच परत आली नाहीत. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे न्युएच्या लोकांनी स्वतःहून ब्रिटनचं संरक्षण मागितलं ते या अनुभवानंतर.

1887 मध्ये न्युएचे राजे फताआइकी यांनी व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं की दुसरं कुठलं बलवान राष्ट्र येऊन आम्हाला त्रास देऊ नये म्हणून तुम्ही आमच्यावर छत्र धरा. लंडनला काही घाई नव्हती. 1899 मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी सामोआचा सौदा केला, त्यात जर्मनीने टोंगा आणि न्युएवरचा हक्क सोडला, आणि मग कुठे 1900 मध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी बेसिल थॉमसन येऊन झेंडा लावून गेला. फताआइकी तोवर वारले होते, राजे होते तोगिया. त्याच वर्षी 19 ऑक्टोबरला न्यूझीलंडचे गव्हर्नर लॉर्ड रॅनफर्ली यांच्यासमोर बेट सोपवण्याच्या कागदावर सही झाली आणि 1901 मध्ये बेट थेट न्यूझीलंडला जोडलं गेलं. म्हणजे मागितलं होतं संरक्षण आणि मिळालं विलीनीकरण. वर कहर म्हणजे न्युएला कुक आयलंड्सच्या कारभाराखाली घातलं, हजारभर किलोमीटर दूरच्या रारोटोंगा या कुकच्या मुख्य बेटाहून. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, लोक खूप नाराज झाले, त्यांनी विरोध केला आणि 1904 पर्यंत वेगळा रेसिडेंट कमिशनर (न्यूझीलंडने नेमलेला बेटावरचा मुख्य अधिकारी) आणि वेगळी कौन्सिल मिळवली. कुक आणि न्युए हे दोन वेगळे देश आहेत त्याचं मूळ या विरोधात आहे, तेव्हा ते गप्प बसले असते तर आज बहुतेक न्युए हा कुक आयलंड्सचा एक जिल्हा असता.

पहिल्या महायुद्धात या चार हजार वस्तीच्या बेटाने 150 माणसं पाठवली. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, तुकडीबरोबर इजिप्त आणि मग फ्रान्स. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं, पायात बूट घालायची सवय नव्हती, थंडी आणि साथींनी ते इतके आजारी पडले की काही महिन्यांतच त्यांना आघाडीवरून मागे घ्यावं लागलं. मला या इतिहासातला हा भाग सगळ्यात जास्त लागतो, कारण न्यूझीलंडचं आमच्याबद्दल काही कर्तव्य आहे असं न्युएचे लोक म्हणतात तेव्हा त्यामागे ही 150 माणसं पण आहेत, ती काही नुसती मदतीची याचना नाही.

पुढची तीस-पस्तीस वर्षं रेसिडेंट कमिशनर म्हणजे सबकुछ. प्रशासन त्याचं, कोर्ट त्याचं, तुरुंग त्याचा. 1953 च्या ऑगस्टमध्ये कमिशनर लार्सन यांचा त्यांच्या घरात खून झाला, तुरुंगातून पळालेल्या तीन तरुणांनी केला. तिघांना फाशीची शिक्षा झाली, पण न्यूझीलंडमध्ये लोकांनी मोहीम उघडली, बेटावरच्या कारभाराबद्दल आणि लार्सन यांच्या कडक शिक्षांबद्दल प्रश्न विचारले गेले आणि शेवटी फाशी टळली, जन्मठेप झाली. खुनाचं समर्थन कोणी करत नाही, पण एकाच माणसाच्या हातात एवढी सत्ता देऊन आपण दूर वेलिंग्टनमध्ये निवांत बसलो होतो ही गोष्ट न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा उघडपणे बोलली गेली ती तेव्हा.

मग 1960 साल. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी वसाहती संपवण्याचा ठराव केला आणि लगेच दुसऱ्या ठरावात सांगितलं की वसाहतीतून बाहेर पडायचे मार्ग तीन, पूर्ण स्वातंत्र्य, दुसऱ्या देशात समान हक्काने विलीन होणं किंवा स्वतःच्या इच्छेने केलेलं सहयोगाचं नातं म्हणजे हे फ्री असोसिएशन. न्यूझीलंडला जगात चांगलं दिसायचं होतं, त्यामुळे त्यांचं सरकार घाईत होतं. कुक आयलंड्सने 1965 मध्ये स्वराज्य घेतलं, न्युए म्हणालं आत्ता नको.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटलं, वसाहतच म्हणते की थांबा. पण तेव्हाची परिस्थिती बघा. 1959 आणि 1960 अशी लागोपाठ दोन चक्रीवादळं झाली होती, घरं गेली होती, निर्यात म्हणजे थोडं खोबरं, केळी आणि फळं, प्रशासनात वरच्या जागांवर बाहेरची माणसं. आणि मनात तीन प्रश्न. आमचं न्यूझीलंडचं नागरिकत्व जाणार का? मदत बंद करणार का? आणि उद्या वेलिंग्टनमध्ये सरकार बदललं तर दिलेला शब्द कोण पाळणार? रॉबर्ट रेक्स हे तिथले पुढारी, ते हे प्रश्न सोडायला तयार नव्हते. सत्ता टप्प्याटप्प्याने घेत गेले, 1960 ला निवडून आलेली असेंब्ली, 1966 चा न्युए कायदा, मग न्यूझीलंडचे घटनातज्ज्ञ प्राध्यापक क्वेंटिन-बॅक्स्टर यांना सल्लागार नेमलं, त्यांचा अहवाल 1971 मध्ये आला, त्यावर चर्चा झाली, आणि मग 3 सप्टेंबर 1974 ला संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर सार्वमत. साधारण 65 टक्के लोक हो म्हणाले. स्वराज्याचा दिवस ठरला 19 ऑक्टोबर 1974, म्हणजे 1900 मध्ये ज्या तारखेला सही झाली होती तीच तारीख.

आता हातात नेमकं काय आलं ते बघू, कारण सगळं तिथेच आहे. 1974 च्या कायद्यात लिहिलंय की न्युएचे लोक न्यूझीलंडचे नागरिकच राहतील. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार यांची जबाबदारी न्यूझीलंडची, आणि न्युएला लागणारी आर्थिक आणि प्रशासकीय मदत देत राहणं हीसुद्धा न्यूझीलंडची कायम जबाबदारी. हे शेवटचं कलम कुक आयलंड्सच्या कायद्यात अशा शब्दांत नाही. थांबण्याचं फळ ते हेच. राष्ट्रप्रमुख न्यूझीलंडचाच राजा, म्हणजे ब्रिटनचा राजा, पण न्यूझीलंडची संसद न्युएने मागणी करून संमती दिल्याशिवाय त्यांच्यासाठी एकही कायदा करू शकत नाही. असेंब्लीत 20 सदस्य, 14 गावांचे 14 आणि सगळ्या बेटाने मिळून निवडलेले 6, आणि गावं इतकी लहान की काही ठिकाणी मतदार शंभराच्याही आत. रेक्स पहिले प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले आणि 1992 मध्ये मृत्यू होईपर्यंत तेच होते.

परराष्ट्र व्यवहारांचं कलम कागदावर न्यूझीलंडकडे झुकलेलं दिसतं पण प्रत्यक्षात उलटं झालं, न्यूझीलंडने हुकूम करायचा नसतो, सल्लामसलत करून मदत करायची असते. 1993 ला न्युए युनेस्कोत गेलं, 1994 ला जागतिक आरोग्य संघटनेत, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने मान्य केलं की हा देश स्वतः करार करू शकतो. चीनशी 2007 मध्ये आणि भारताशी 2012 मध्ये राजनैतिक संबंध जुळले, भारत ज्या 14 पॅसिफिक बेटांच्या देशांशी शिखर परिषद घेतो त्यात न्युए आहे. अमेरिकेने मान्यता दिली 2023 मध्ये. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मात्र अजून नाही.

आणि याची किंमत. 1966 मध्ये बेटावर पाच हजारांच्या वर माणसं होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विमानतळ झाला, ऑकलंडच्या कारखान्यांत काम मिळत होतं, पासपोर्ट हातात होताच, माणसं गेली. आज न्यूझीलंडमध्ये न्युए वंशाचे 30,000 हून जास्त लोक आहेत. काही अभ्यासक म्हणतात बेट रिकामं झालं ते स्वराज्यामुळे, मला हे पटत नाही, कारण गळती आधीच सुरू झाली होती आणि स्वराज्य नसतं तर ती थांबली असती असं म्हणायला काही आधार नाही. पण ज्या नागरिकत्वासाठी ते इतकं भांडले त्याच नागरिकत्वाने दार उघडं ठेवलं हे खरं आहे. जानेवारी 2004 मध्ये हेटा चक्रीवादळ आलं, उंच कड्यांवरून लाटा आत आल्या, हॉस्पिटल वाहून गेलं, तेव्हा हा देश असा चालवणं परवडणार आहे का असं पुन्हा विचारलं गेलं. लोकांनी परत बांधलं. 2006 मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या पैशांतून एक ट्रस्ट फंड उभा राहिला, म्हणजे दरवर्षी हात पसरायला लागू नये.

शेजारच्या तोकेलाऊने 2006 आणि 2007 मध्ये याच मार्गासाठी दोनदा मतदान केलं. दोन तृतीयांश मतं लागत होती, पहिल्यांदा 60 टक्के पडली, दुसऱ्यांदा 64 च्या जरा वर. म्हणजे न्युएला 1974 मध्ये मिळाली तेवढी टक्केवारी असती तरी तिथे ती पुरली नसती, आणि ते अजून न्यूझीलंडचा प्रदेशच आहेत.

न्युएच्या बाबतीत ही दोन तृतीयांशची अट दुसऱ्या बाजूने लागते. नागरिकत्व, मदत, संरक्षण ही मूळ कलमं बदलायची असतील तर असेंब्लीत दोन तृतीयांश आणि वर बेटावरच्या सार्वमतात पण दोन तृतीयांश मतं हवीत. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या तीस हजारांना त्यात मत नाही. कुक आयलंड्सच्या भांडणानंतर पैशांवरून दबाव येईल का ही काळजी रास्त आहे, पण हे कलम बदलायचं की नाही ते ठरवणार राजधानी अलोफी आणि आजूबाजूच्या गावांत राहणारे हे हजारभर मतदारच.