बर्फ पडला, आज शाळा अंगणात

रात्रभर बर्फ पडला की सकाळी सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. मुलं उठली की त्यांना खिडकीशी न्या आणि विचारा, ‘आज काय ऐकू येत नाहीये?’ नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांश हवाच असते. त्याच्या कणाकणांमधल्या फटींत आवाज शिरतो आणि तिथेच विरतो. दात घासायच्या आधीच ध्वनीचा एक धडा होऊन जातो.

घरीच शिकणाऱ्या मुलांनी अशा दिवशी वह्या-पुस्तकं मिटून ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं. मात्र त्यांच्या जागी खेळांची लांबलचक यादीही आणू नये. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीनच गोष्टी दाखवाव्यात, पण अगदी जवळून. आणि दाखवण्याआधी ‘तुला काय वाटतं, काय होईल?’ हे विचारायला विसरू नये. मुलाने आधी अंदाज बांधलेला असला, की ते जे बघतं ते त्याचं स्वतःचं असतं.

बर्फ अजून पडत असेल, तर काळ्या लोकरीच्या कापडाचा एक तुकडा आणि एक भिंग एवढंच सामान पुरे. कापड अर्धा तास बाहेर आडोशाला ठेवून गार करा, कारण घरातल्या उबदार कापडावर हिमकण पडताक्षणी त्याचं पाणी होतं. मग कापड आभाळाखाली धरा. एखादा सुटा कण लोकरीच्या तंतूंवर अलगद अडकला, की भिंग मुलाच्या हाती द्या. पहिला कण बहुधा मुलाच्या श्वासानेच वितळेल, वितळू द्या. दुसऱ्या वेळी श्वास रोखायचा हे त्याचं त्यालाच कळतं. तिसऱ्या वेळी ते बोट न लावता मोजू लागतं: एक, दोन, तीन... सहा.

सहाच का? पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत एकमेकांना धरून बसतात, आणि कण मोठा होताना तोच आकार बाहेर उमटतो. ढगातल्या तापमानानुसार त्याचं रूप बदलतं. उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ चकत्या तयार होतात, उणे ५ च्या सुमाराला सुया, आणि उणे १५ च्या जवळपास, हवेत भरपूर बाष्प असेल तर, फांद्या फुटलेल्या चांदण्या. त्यामुळे प्रत्येक वेळी चांदणीच दिसेल असं मुलांना सांगू नका. मोडके, एकमेकांत गुंतलेले, ओबडधोबड कणच जास्त सापडतात, आणि तेही बघण्यासारखे असतात. नंतर घरात कागदाचे हिमकण कापाल, तेव्हा कागद अर्धा दुमडून त्याच्या तीन सारख्या घड्या घाला. आठ हातांचा हिमकण दिसायला छान दिसतो, पण आभाळातून तसा पडत नाही.

मुलांना विल्सन बेंटलीची गोष्ट जरूर सांगा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावी शेतकऱ्याच्या घरात वाढलेला हा मुलगा चौदा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकला. शिकवणारी त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. पंधराव्या वर्षी तिनेच त्याला सूक्ष्मदर्शक दिला. तो हिमकणांची चित्रं काढायला बसायचा, पण चित्र पुरं होण्याआधी कण वितळून जायचा. शेवटी त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचं आपलं पहिलं छायाचित्र घेतलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुढे आयुष्यभरात त्याने अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रं टिपली. एका आईने घरात दिलेल्या त्या उपकरणाचा मला फार हेवा वाटतो.

बर्फ थांबला की काचेची बरणी काढा. न दाबता, भुरभुरता बर्फ काठोकाठ भरून ती घरात आणा आणि पाणी कुठवर येईल तिथे मुलाला खूण करायला सांगा. मुलं बहुतेक वेळा खूण वरच करतात. ताजा, हलका बर्फ असेल तर तळाशी साधारण दहावा हिस्सा पाणी उरतं. ओला किंवा दाबलेला असेल तर जास्त. हे पाणी पांढऱ्या सुती रुमालातून गाळून बघा. रुमालावर बारीक काळपट ठिपके दिसले, तर बर्फ तोंडात का घालायचा नाही हे वेगळं समजवावं लागत नाही. बहुतेक हिमकणांची सुरुवातही धुळीच्या अशाच एखाद्या सूक्ष्म कणाभोवती होते.

लहानग्यांची बोटं लवकर गारठतात. हातमोजे ओले झाले की लगेच आत यावं आणि उरलेला खेळ घमेल्यात बर्फ भरून घरात खेळावा. फक्त मीठ आणि बर्फ एकत्र करून उघड्या हातात देऊ नका. ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडीला इजा होते.

ऊन पडलं, तर अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन संशोधकाने केलेला प्रयोग करता येतो. त्याने शिंप्याकडचे निरनिराळ्या रंगांचे कापडाचे नमुने उन्हात बर्फावर पसरले होते. काही तासांत काळा तुकडा सगळ्यात खोल रुतला आणि पांढरा होता तिथेच राहिला. काळा रंग ऊन शोषतो, तापतो आणि खालचा बर्फ वितळवतो. तुम्ही सारख्या आकाराचे दोनच तुकडे ठेवा, एक काळा आणि एक पांढरा. दर तासाला काडीने खोली मोजा आणि आकडा मुलालाच लिहू द्या, उलटा लिहिला तरी चालेल. संध्याकाळी तुकडे उचलू नका. काळ्या कापडाखालच्या खड्ड्यातल्या पाण्याचं रात्री काय होईल, हे झोपताना विचारा आणि सकाळी दोघं मिळून बघायला जा.