बारा वेळा नवं शरीर, पण मेंदूचं काय?

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला हिरो मरत नाही त्यामागचं कारण अगदीच साधं आहे. १९६६ ला मुख्य नट विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, मालिका तर बंद करायची नव्हती, मग लेखकांनी शक्कल लढवली की हा परग्रहावरचा डॉक्टर मरायला टेकला की त्याचं अख्खं शरीरच नवं होतं, चेहऱ्यासकट! पुढे १९७६ मध्ये नियम आला की असं फक्त १२ वेळाच होणार. २०१३ ला कोटा संपला तर सरळ नवीन कोटा दिला, मालिकावाले सगळीकडचे सारखेच.

पण कोट्याची भानगड खरी आहे बरं का. आधी सगळे समजायचे की शरीराबाहेर काढून नीट पोसल्या तर पेशी कायम वाढत राहतात. १९६१ ला लिओनार्ड हेफ्लिकने दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण ५० वेळा विभागतात आणि थांबतात. क्रोमोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या, टोकाला टेलोमेअर नावाचे तुकडे असतात, ते दर विभाजनाला थोडे झिजतात, फार आखूड झाले की पेशी नवीन कॉपी काढतच नाही. टेलोमरेझ नावाचं एन्झाइम ही झीज भरून काढतं, मग ते सगळीकडे चालू करून टाकायचं ना? तर बहुतेक कॅन्सरच्या पेशी नेमकं हेच करतात. १९५१ ला बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या कॅन्सरच्या गाठीतून, त्यांना न विचारता, काढलेल्या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत, बाई मात्र त्याच वर्षी गेल्या.

आणि सगळं शरीर सारखं नवं होतं असंही नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) पेशी तयार होताना तिच्या डीएनएमध्ये जातो, त्यावरून स्वीडनच्या योनास फ्रिसेनच्या टीमने पेशींची वयं काढली. हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का बदलतात, म्हातारपणी त्याहून कमी. मेंदूच्या कॉर्टेक्समधले, म्हणजे बाहेरच्या थरातले, न्यूरॉन (मेंदूच्या चेतापेशी) तर जवळपास आपल्याच वयाचे.

मालिकेत डॉक्टरचा स्वभाव बदलतो पण आठवणी शाबूत राहतात, हे मला कधीच पटलं नाही. आठवणी मुख्यतः न्यूरॉनच्या आपसातल्या जोडण्यांमध्ये असतात, नवे न्यूरॉन आणले तर ते कोरेच येणार, जुनेच ठेवले तर म्हातारे होणार, आणि मुळात जे विभागतच नाहीत त्यांचा कोटा वाढवून फायदा काय?